झोळीला घातलेला पीळ

डोंगराळ मुलखातल्या एका वृद्ध वैद्यांकडे एकदा त्यांचा शिष्य भर दुपारी आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "बाबा, निरोप आलाय. पण मी जाणार नाही."

निरोप शिष्याच्या सासूचा होता. म्हातारी अंथरुणाला खिळली होती आणि तिला आपल्या नातीला एकदा डोळे भरून पाहायचे होते. नात म्हणजे शिष्याची एकुलती एक मुलगी, गोदू. तिचे आजोळ अरण्याच्या पलीकडे होते. पायी जायचे तर एक मुक्काम अरण्यातच करावा लागे. दुसरी वाट नव्हती.

शिष्याची बायको आदल्या पावसाळ्यात गेली होती. जमिनीवर चटई टाकून झोपली असताना तिला सर्पदंश झाला. शिष्याला औषधांचे ज्ञान होते. त्याने येत होते ते सर्व केले, बाबांनीही केले, तरी उजाडेपर्यंत ती राहिली नाही. तेव्हापासून या माणसाच्या मनात भीती राहायला आली ती गेलीच नाही. गोदूने विहिरीकडे जायचे नाही, झाडावर चढायचे नाही, शेजारच्या मुलांबरोबर नदीवर जायचे नाही. ती झोपली की तो तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना, ते पाही. गोदूला त्याची इतकी सवय झाली होती, की डोळे न उघडताच ती म्हणे, "अप्पा, मी आहे."

बाबांनी त्याला आत बोलावले, पाणी दिले आणि विचारले, "म्हातारीला काय कळवायचं?"

"काहीतरी कळवू. पोर आजारी आहे म्हणून सांगू."

"म्हणजे ती बिचारी मरताना नातीच्या काळजीत मरेल."

 शिष्य हळूच म्हणाला, "बाबा, तिला मी जमिनीवर झोपवू शकत नाही. माझ्याच्याने होणार नाही ते."

"नको झोपवूस. झाडांना झोळ्या टांगू. तरुणपणी मी मुळ्या गोळा करायला रानात जायचो, तेव्हा तसाच झोपायचो. मी येतो तुमच्याबरोबर. उद्या बाजार आहे. पट्टे घेऊ, कापड माझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी तिघे बाजारात गेले. पलंग विणायची रुंद, जाड पट्टी, जिला आपण नवार म्हणतो, ती विकणारा एक व्यापारी तिथे बसत असे. त्याच्यापुढे नवारीची वेटोळी रचून ठेवलेली होती. व्यापारी बोलका होता.

"काय, पलंगासाठी?"

"झोळी टांगायला," शिष्य म्हणाला. "लहान मूल झोपणार आहे. सगळ्यात मजबूत दाखवा."

व्यापाऱ्याने सुताची नवार काढली. शिष्याने तिचे एक टोक पायाखाली धरले आणि दुसरे दोन्ही हातांनी वर खेचले.

"ही ताणते."

"थोडी ताणणारच. सूत आहे."

"न ताणणारी द्या."

"मग पलीकडे लोहार बसतो, त्याच्याकडून साखळी घ्या. पोरगी झोपवायची आहे की हत्ती बांधायचाय?"

गोदू खुदकन हसली. शिष्य हसला नाही. त्याने अंबाडीच्या वाखाची, म्हणजे तागासारख्या धाग्याची, नवार मागितली, ती दाताने ओढून पाहिली, उन्हात धरून पाहिली, तिचा प्रत्येक धागा नखाने उचकून पाहिला. या सर्व वेळात त्याच्या डाव्या हातात गोदूचे मनगट होते, त्यामुळे पट्टा ताणला की तीही ताणली जात होती.

"हा तुटला तर?" त्याने विचारले.

व्यापारी आता कंटाळला होता. "पाहुणे, असल्याच पट्ट्यांच्या पलंगावर आमचे सासरे झोपतात. ते नुसते आडवे झाले तरी घर कण्हतं. अजून पट्टा तुटलेला नाही. तुटावा अशी सासूबाईंची फार इच्छा आहे."

बाबा मोठ्याने हसले. त्यांनी ढिगातले काही रुंद पट्टे उचलले, बोटांनी रुंदी पाहिली आणि विकत घ्यायला बाजूला ठेवले.

"तुम्ही ओढून नाही बघितलात?" शिष्याने विचारले.

"तू ओढतोयस की केव्हाचा. मी रुंदी तेवढी पाहिली. अरुंद पट्टा झाडाच्या सालीत रुततो. झाड रात्रभर आपलं ओझं धरणार, त्याला उगाच जखम कशाला?"

शिष्याला त्या वेळी झाडाची चिंता करायला सवड नव्हती. त्याने अंबाडीचे सगळ्यात जाड पट्टे घेतले, वर एक जास्तीचा घेतला, आणि परतताना वाटेत पुन्हा थांबून ते सर्व ओढून पाहिले.

अरण्यात शिरताना सकाळचे ऊन होते. पण थोडे आत गेल्यावर ऊन वरच राहिले. खाली ओल होती, कुजलेल्या पानांचा वास होता आणि पायांखाली आवाज होत नव्हता. त्या निःशब्दतेने शिष्याचा जीव घाबरा झाला. आवाज झाला असता तर निदान कुठून येतो ते कळले असते. त्याने गोदूला खांद्यावर घेतले. ती म्हणाली, "अप्पा, मला चालायचंय." तो म्हणाला, "थोडं पुढे गेल्यावर चाल." पुढे गेल्यावरही त्याने तिला उतरवले नाही.

एका झाडाच्या बुंध्यावर माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत लांब, खोल ओरखडे होते. साल सोलून निघाली होती आणि आतून ताजा चीक ओघळत होता.

"हे कुणी ओरबाडलं?" गोदूने विचारले.

"वाऱ्याने फांदी घासली असेल," शिष्य पटकन म्हणाला.

"बिबट्याने," बाबा म्हणाले. "तो असा नखं घासतो."

शिष्याने त्यांच्याकडे रागाने पाहिले. "बाबा, लहान आहे ती. कशाला सांगता?"

"लहान आहे म्हणूनच. आता पुन्हा दिसलं तर ती ओळखेल."

ते पुढे निघाले. गोदू प्रत्येक बुंध्याकडे मान वळवून पाहत होती, आणि तिच्यात भीतीपेक्षा कुतूहलच जास्त आहे हे पाहून शिष्य तिचे पाय आणखीच घट्ट धरत होता.

दिवस कलायला लागला तेव्हा ते एका झऱ्याजवळच्या मोकळ्या जागी थांबले. बाबांनी वाळकी लाकडे गोळा करून विस्तव पेटवला आणि विस्तवाच्या अलीकडे, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, आपली झोळी टांगली. मधोमध ती चांगली खाली लोंबत होती. दुरून पाहिले तर कोणाला वाटावे, आळशी माणसाने कशीतरी बांधली आहे.

शिष्याने गोदूसाठी दुसरी दोन झाडे निवडली. त्याने पट्टे आपल्या छातीच्या उंचीवर बांधले, म्हणजे सापाला आणि बिबट्याला दोघांनाही ती लांब राहील. मग त्याने तिला उचलून झोळीत ठेवले. झोळी किंचित खाली आली आणि पट्ट्याने 'कर्र' असा आवाज केला.

 त्याला वाटले, पट्टा ढिला आहे, सरकतो आहे. त्याने गोदूला उतरवले, गाठ सोडली, पाय बुंध्याला लावून पट्टा खेचला आणि पुन्हा बांधला. गोदूला ठेवले. पुन्हा 'कर्र', आणि या वेळी जास्त मोठ्याने. त्याने पुन्हा उतरवले, पुन्हा खेचले. असे करता करता हाताने आणखी खेचणे अशक्य झाले, तेव्हा त्याने एक मजबूत दांडके आणले, पट्ट्यात अडकवले आणि ते गोल गोल फिरवून पट्ट्याला पीळ घातला. एका बाजूचे झाड कोवळे होते. ते आत झुकले. झोळी फळीसारखी सपाट झाली. त्याने तिच्यावर हात आपटून पाहिला तर ढोलकीसारखा आवाज आला. त्याला बरे वाटले.

पण सपाट झोळीत कोणाला झोपता येत नाही. तिच्या कडा वर येत नाहीत, त्यामुळे आत काही धरायला राहत नाही. गोदूने कूस बदलली मात्र, झोळी उलटली. शिष्य जवळच होता म्हणून त्याने तिला हवेतच धरले.  गोदू म्हणाली, "अप्पा, खाली बांधा ना. बाबाआजोबांसारखी."

"खाली नाही."

त्याने आपले उपरणे सोडले, तिला झोळीत उताणी ठेवले आणि उपरण्याने झोळीसकट घट्ट बांधून टाकले.

"अप्पा, मला हात हलवता येत नाहीत."

"नको हलवूस."

"नाकावर डास बसलाय."

त्याने डास हाकलला आणि तिथेच, झोळीला पाठ लावून, हातात कोयता घेऊन तो उभा राहिला. झाडांमधला उजेड आता राखाडी झाला होता. दूर एका वानराने खोकल्यासारखा आवाज काढला, मग दुसऱ्याने, आणि मग रानातले सगळे आवाज एकदम थांबले. त्या शांततेत कोणीतरी ओल्या लाकडावर करवत चालवल्यासारखा आवाज आला. थोडा वेळ आला आणि थांबला. शिष्याने असा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. पण तो कशाचा हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. त्याच्या पाठीमागे पट्टा सारखा करकरत होता. त्याने न वळताच हात मागे नेला आणि दांडक्याला आणखी एक वळसा दिला.

आणि तेव्हा बाबा आपल्या जागेवरून उठले, सावकाश चालत आले आणि काही न बोलता ते दांडके उलटे फिरवू लागले.

"बाबा, काय करताय?"

"सैल करतोय."

शिष्याने त्यांचे मनगट पकडले. पायांखेरीज गुरूंच्या अंगाला त्याने आजवर हात लावलेला नव्हता. त्याच्या पकडीत त्या म्हाताऱ्या मनगटाची हाडे लागत होती.

"हात काढा," तो म्हणाला. "तो आवाज ऐकलात ना? ही पडली तर? मी हिला पण घालवू का? हात काढा म्हणतो ना मी."

बाबा रागावले नाहीत. त्यांनी हात काढलाही नाही. ते म्हणाले, "आधी तिला उतरव. मग माझा हात हवा तितका वेळ धरून ठेव."

त्यांच्या स्वरात असे काहीतरी होते, की शिष्याने उपरण्याच्या गाठी सोडल्या आणि गोदूला उतरवून घेतले. बाबांनी तिला विस्तवाजवळ आपल्या घोंगडीवर बसवले. मग एक जळते लाकूड उचलून त्यांनी ते पट्टा बुंध्याला वेढलेल्या जागी धरले.

"बघ."

पट्ट्याच्या कडेचे धागे तुटून केसांसारखे उभे राहिले होते. वळणाच्या जागी अर्धी रुंदी गेली होती. बाजारात जो पट्टा त्याच्या दातांनाही दाद देत नव्हता, तो आता बोट फिरवले तरी झडत होता. पट्टा सालीत रुतला होता आणि खालून झाडाचा चीक येत होता.

 "त्या व्यापाऱ्याने खोटा माल दिला," शिष्य म्हणाला.

"माल चांगला आहे. तो जास्तीचा पट्टा घे, आणि शिध्याचं गाठोडं आण."

बाबांनी पट्ट्याच्या मधोमध गाठोडे अडकवले. एक टोक शिष्याच्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले आणि दोघे समोरासमोर जवळ उभे राहिले. गाठोडे दोघांमध्ये खाली लोंबत होते.

"जड लागतं?"

"नाही."

"आता मागे सरक आणि ओढ. पट्टा सरळ झाला पाहिजे. मधे जराही झोळ नको."

शिष्य मागे सरकत ओढू लागला. बाबाही ओढू लागले. गाठोडे वर येऊ लागले आणि शिष्याच्या दंडात कळ भरली. गाठोडे तेच होते, त्यात एक दाणा वाढला नव्हता. पण आता त्याला टाचा मातीत रोवाव्या लागत होत्या. त्याच्या बोटांतले रक्त गेले, हात लटपटू लागले. मधला झोळ कमी झाला, आणखी कमी झाला, पण गेला नाही.

"अजून आहे थोडा," बाबा धापा टाकत म्हणाले. "ओढ."

"होत नाही, बाबा."

"नाहीच व्हायचं. दहा बैल लाव, तरी होणार नाही. पट्टा तुटेल, पण मधे भार आहे तोवर तो सरळ होणार नाही."

त्यांनी आपले टोक सोडून दिले आणि तिथेच खाली बसले. त्यांचे वय झाले होते. त्यांनी दम खाल्ला. विस्तवाजवळ गोदू दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

मग बाबा म्हणाले, "एवढीशी पोर. तिच्या भाराने हा पट्टा जन्मात तुटला नसता. तुझ्या ओढीने तो तुटत आला होता. तो करकरत होता तो तुला सांगायला, की मला थोडं खाली येऊ दे. तुला मात्र ऐकू आलं, की अजून खेच. प्रत्येक वेळी तू घाबरलास आणि प्रत्येक वेळी तिला जास्त धोक्यात घातलंस. झोळीला जो झोळ असतो ना, त्यातच माणूस राहतं. तो तू काढून टाकलास, मग तिला बांधून ठेवावं लागलं. घरी तरी वर्षभर तू वेगळं काय करतोयस?"

शिष्य खाली बघत होता. "बिबट्या आहे, बाबा," तो म्हणाला. "मी ऐकला तो."

"आहे. मी कधी नाही म्हटलं? सापही आहेत. तुझी बायको गेली, तेही खरंच आहे. भीती खोटी आहे असं मी तुला सांगणार नाही. पण बिबट्या उंच झोळीने अडत नाही, तो झाडावर चढतो. तो विस्तवाला बिचकतो. तिकडे लाकूड घाल. जिथे जोर लावून उपयोग आहे तिथे लाव."

शिष्य उठला.  त्याने रुतलेला पट्टा झाडापासून सोडवला, जखम झालेल्या सालीवर ओली माती लिंपली आणि दुसरी जाड झाडे शोधली. बाबांनी घेतलेल्या पट्ट्यांपैकी उरलेले रुंद पट्टे त्याने गुडघाभर उंचीवर बांधले, मध्ये झोळ ठेवून. हात सारखे गाठीकडे जात होते. त्याने ते परत आणले.

गोदू आत शिरली. कापड तिच्याबरोबर खाली गेले आणि दोन्ही कडा वर येऊन तिच्याभोवती मिटल्या. फक्त नाक दिसत होते.

"अप्पा, ही बघा, आपली आपणच बंद होते."

पट्ट्याचा आवाज आला नाही. लांबून करवतीचा तो आवाज पुन्हा एकदा आला, आणि शिष्याने विस्तवावर लाकूड घातले.

सकाळी तो जागा झाला तेव्हा विस्तव निवला होता आणि गोदू झोळीतून पाय खाली सोडून बसली होती. झाडांमधून पलीकडे झरा दिसत होता. तिने एकदा झऱ्याकडे पाहिले आणि एकदा बापाकडे.

"अप्पा, मी तोंड धुऊन येऊ? एकटी?"

बाबा आपल्या झोळीत डोळे मिटून पडले होते. जागे होते की नाही, कळत नव्हते. शिष्याने वाटेवर नजर टाकली. गवत आखूड होते. झरा हाकेच्या अंतरावर होता. 

"काठी घे," तो शेवटी म्हणाला. "पाय टाकायच्या आधी पुढे आपटत जा. आणि दगडावर शेवाळ असेल, तिथे उभी राहू नकोस."

गोदूने काठी घेतली आणि ती निघाली. काठी आपटत, मध्येच एखाद्या बुंध्यापाशी थांबून साल बघत ती चालली होती. शिष्य उठला नाही. त्याने आपले दोन्ही तळवे जमिनीवर, ओल्या मातीवर, टेकवून ठेवले होते. झाडांच्या आड ती दिसेनाशी झाली. काठीचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला, आणि पाण्याचा आवाज आला.

संध्याकाळी आपले मूल घरी यायला उशीर झाला, तर पुन्हा पुन्हा फोन लावण्याआधी आपणही एकदा आपल्याच मुठी किती आवळल्या आहेत ते बघावे.